वॉलबी नेमका कोणता प्राणी, आणि त्याचे नाव आले कोठून?

सहावीच्या वर्गातल्या एका मुलाने ‘वॉलबी म्हणजे कांगारूचे पिल्लू का?’ असे विचारले आणि त्याला उत्तर देताना आपल्यालाही आणखी दोन शंका आल्या, असे आपण कळवले आहे. वॉलबी हा शब्द कोणत्या भाषेतला, ही पहिली शंका. आणि ‘कांगारू’चा तिथल्या भाषेतला अर्थ ‘मला कळत नाही’ असा आहे, ही आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली गोष्ट खरी की खोटी, ही दुसरी. मी गेली 22 वर्षे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात पशुवैद्य म्हणून काम करते आणि गाड्यांच्या धडकेत सापडलेल्या वॉलबींवर उपचार करण्यात माझा बराच वेळ जातो. प्राण्याबद्दल मी हातच्या अनुभवावरून लिहीन. नावांबद्दल मात्र भाषाशास्त्रज्ञांनी जे तपासून पक्के केले आहे तेवढेच सांगेन.

आधी पिल्लाचा प्रश्न निकालात काढू. वॉलबी हे कांगारूचे पिल्लू नव्हे. वॉलबीला वॉलबीच होते आणि ते वाढून वॉलबीच राहते. पिल्लू कांगारूचे असो की वॉलबीचे, त्याला इथे जोई म्हणतात. दोन्ही प्राणी मॅक्रोपोडिडी या एकाच कुलातले आहेत, आणि या कुलनामाचा अर्थच ‘मोठ्या पावलांचे’ असा आहे. दोघांमधली रेघ निसर्गाने नव्हे, तर माणसाने आखलेली आहे: ज्यांचे मागचे पाऊल साधारण 25 सेंटिमीटरहून लांब ते कांगारू आणि त्याहून लहान ते वॉलबी, असा एक जुना संकेत होता. तांबड्या कांगारूचा पूर्ण वाढलेला नर 85 किलोपर्यंत भरतो, तर बहुतेक वॉलबी 20 किलोच्या आतबाहेर असतात, त्यामुळे व्यवहारात हा संकेत चालून जातो. नातेसंबंध पाहू गेले, तर मात्र तो टिकत नाही. खडकांवर राहणारी रॉक वॉलबी ही गवताळ रानातल्या लाल मानेच्या वॉलबीपेक्षा झाडावर चढणाऱ्या ट्री कांगारूला अधिक जवळची आहे, आणि लाल मानेची वॉलबी ट्री कांगारूपेक्षा मोठ्या कांगारूंना अधिक जवळची आहे. थोडक्यात, ‘वॉलबी’ हे एका घराण्याचे नाव नाही. आकाराने बेताच्या अशा अनेक घराण्यांवर मिळून टाकलेली ती एक चादर आहे.

ही चादर कोणी टाकली, हे पाहायचे तर शब्दाच्या गावी जावे लागते. वॉलबी हा शब्द धारुग भाषेतला आहे. आज जिथे सिडनी शहर आहे, त्या किनाऱ्यावरच्या आणि त्यामागच्या पठारापर्यंतच्या मूळ रहिवाशांची ही भाषा. 26 जानेवारी 1788 रोजी आर्थर फिलिप यांनी ब्रिटिश कैद्यांची वसाहत तिथे स्थापन केली, आणि इंग्रजीला या खंडातले प्राणी, झाडे आणि हत्यारे यांची नावे पहिल्यांदा घाऊक प्रमाणात मिळाली ती याच भाषेकडून. डिंगो, कोआला, वॉम्बॅट, वॉलरू (आकाराने कांगारू आणि वॉलबी यांच्या मधला प्राणी), बूमरँग हे सारे शब्द धारुगमधले आहेत. यामागे भाषेच्या थोरवीचा प्रश्न नव्हता, योगायोगाचा होता. वसाहत त्या खाडीवर झाली म्हणून तिथली भाषा कानावर पडली. त्या काळी या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या, आणि वसाहत दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर झाली असती, तर आज आपण वॉलबीला वेगळ्याच नावाने ओळखले असते.

‘वॉलबी म्हणजे लहान कांगारू’ असा अर्थ कित्येक ठिकाणी दिलेला आढळतो. तो अर्थ इंग्रजीने नंतर घडवला आहे. धारुग बोलणाऱ्यांना करड्या कांगारूसाठी ‘पटगरंग’ हा वेगळा शब्द होता, वॉलरूसाठी वेगळा, आणि दाट झाडीतल्या बुटक्या पॅडीमेलनसाठी आणखी वेगळा. ज्या माणसांना शिकार करून पोट भरायचे असते, ती मोठा-लहान एवढ्यावर प्राण्यांची वर्गवारी करत नाहीत, कारण प्रत्येकाची पळण्याची तऱ्हा, लपण्याची जागा आणि मांसाची चव वेगळी असते. आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला भेकर, पिसोरी आणि चौसिंगा हे तीन प्राणी दिसतात. बाहेरून आलेल्याला तीन लहान हरणे दिसतात. इंग्रजांचे अगदी हेच झाले. सिडनीच्या आसपासच्या प्राण्याचे नाव त्यांनी उचलले आणि टास्मानियापासून न्यू गिनीपर्यंतच्या तीसएक जातींना ते सरसकट लावून टाकले.

उच्चाराबद्दलही दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण देवनागरीत लिहिणाऱ्याला ते सहज उमगतील. मराठीत आपण ‘वॉलबी’ लिहितो, पण त्यातला ‘ऑ’ हा धारुगचा नाही. त्या भाषेत अ, इ आणि उ असे तीनच मूळ स्वर होते, त्यामुळे मूळ शब्द ‘वलबी’ किंवा ‘वलाबी’ याच्या जवळचा असणार. ‘वॉ’ हा इंग्रजी वाचनाचा परिणाम आहे. तसेच ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक मूळ भाषांत प आणि ब, क आणि ग, ट आणि ड यांत अर्थाचा फरक होत नाही. आपल्याकडे ‘पाट’ आणि ‘बाट’ हे दोन शब्द होतात. तिथे तो एकच शब्द ठरेल. म्हणून जुन्या नोंदींत एकच नाव कुठे पटगरंग, तर कुठे बडगरंग असे सापडते आणि दोन्ही नोंदी बरोबर असतात. कोणी गुजरातेतल्या प्राचीन वलभी नगरीशी या नावाचा संबंध जोडू पाहील, तर ते साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे, त्याला कसलाही ऐतिहासिक आधार नाही.

या नोंदी ठेवणाऱ्यांमध्ये विल्यम डॉस या तरुण नौदल अधिकाऱ्याचे नाव मला फार महत्त्वाचे वाटते. तो वसाहतीचा खगोलनिरीक्षक होता आणि आज हार्बर ब्रिजचे दक्षिण टोक आहे त्या भूशिरावर त्याची वेधशाळा होती. 1790 आणि 1791 या काळात पट्येगरंग नावाची एक किशोरवयीन मुलगी तिथे येऊन त्याला आपली भाषा शिकवत असे. तिच्या नावातच करडा कांगारू आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. डॉसच्या वह्यांत नुसत्या शब्दांच्या याद्या नाहीत. रोजच्या संभाषणातली वाक्ये आहेत, क्रियापदांची रूपे आहेत. या वह्या लंडनमधल्या प्राच्यविद्येच्या संग्रहात दीर्घकाळ पडून होत्या आणि 1970च्या दशकात त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. त्यांचे मोल कळण्यासाठी 1789 साल ध्यानात ठेवावे लागते. त्या वर्षी देवीच्या साथीने सिडनीच्या परिसरातले निम्मे मूळ रहिवासी दगावले, असा खुद्द फिलिप यांचा अंदाज होता. भाषा बोलणारी माणसे डोळ्यांदेखत जात असताना ज्या थोड्या वह्या भरल्या गेल्या, त्यांच्या आधारावर आज त्या लोकांचे वंशज आपली भाषा पुन्हा शिकत आहेत.

आता कांगारूची गोष्ट. ती खोटी आहे आणि मुलांना सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिच्यात एका समाजाला न कळणारे ठरवून हसे करण्याचा भाग आहे. घडले ते असे. जून 1770 मध्ये जेम्स कुक यांचे एंडेव्हर हे जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळले आणि दुरुस्तीसाठी ते सिडनीपासून फार दूर, उत्तरेकडच्या एका नदीच्या मुखाशी ऑगस्टच्या आरंभापर्यंत थांबले. आज तिथे कुकटाउन हे गाव आहे. तिथल्या लोकांची भाषा गुगू यिमिधिर. जहाजावरच्या जोसेफ बँक्स यांनी प्राण्याचे नाव विचारले आणि ‘कंगुरू’ असे लिहून घेतले. पन्नास वर्षांनी, 1820 मध्ये, फिलिप पार्कर किंग त्याच नदीवर गेले; त्यांना कुकच्या यादीतले बहुतेक शब्द जुळलेले आढळले, पण या प्राण्यासाठी मात्र वेगळाच शब्द मिळाला. तेव्हापासून कुक आणि बँक्स फसले असावेत, अशी शंका बळावली आणि ‘मला कळत नाही’ची कथा तिच्यावर पोसली गेली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने त्या लोकांत राहून भाषेचा अभ्यास केला, तेव्हा उलगडा झाला. ‘गंगुर्रु’ हा त्या भाषेतला अस्सल शब्द आहे आणि तो मोठ्या आकाराच्या एका विशिष्ट जातीच्या कांगारूचे नाव आहे. किंग यांना मिळालेला शब्द ‘मिन्हा’ हा असावा, ज्याचा अर्थ खाण्याजोगा प्राणी, मांस. एकाला जातीचे नाव मिळाले, दुसऱ्याला वर्गाचे; ज्यांना विचारले त्यांनी दोन्ही वेळा बरोबर उत्तर दिले होते.

या गोष्टीचा खरा आणि अधिक रंजक भाग सिडनीत घडला. 1788 मध्ये आलेले अधिकारी कुकच्या यादीतला ‘कांगारू’ हा शब्द पाठ करून आले होते आणि तो तिथल्या लोकांपुढे वापरू लागले. दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरची ती परकी भाषा; धारुग लोकांना तो शब्द ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्यांनी तो इंग्रजी शब्द समजून स्वीकारला. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, कुंपणातल्या मेंढ्या पाहून तिथली माणसे ‘कांगारू, कांगारू’ असे ओरडत होती. परक्यांच्या मोठ्या जनावरांना परके काय म्हणतात, ते आपल्याला कळले, असे त्यांना वाटले असणार.

शब्दांचा असा प्रवास आपल्याकडूनही झालेला आहे. इंग्रजीतला मोंगूज हा शब्द आपल्या मुंगसावरून गेला. तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणतात. त्याचे इंग्रजीत बँडिकूट झाले, आणि इंग्रज ऑस्ट्रेलियात पोचले तेव्हा तिथल्या लांब नाकाच्या, पिल्ले पिशवीत वाढवणाऱ्या एका प्राण्याला त्यांनी तेच नाव देऊन टाकले. आमच्या परसात रात्री बँडिकूट माती उकरतो, तेव्हा तेलुगू घुशीचे नाव इथवर येऊन पोचल्याचे मला दर वेळी नवल वाटते. पॅडीमेलनची तऱ्हा आणखी वेगळी: धारुग ‘बदिमालियन’ इंग्रजांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी ओळखीच्या दोन शब्दांत ते कोंबले, आणि आता ते एखाद्या खरबुजाच्या जातीचे नाव वाटते. वॉलबी हा शब्द मात्र फारशी मोडतोड न होता टिकला. 1908 मध्ये ऑस्ट्रेलियाचा रग्बी संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा तिकडच्या वृत्तपत्रांनी सुचवलेले ‘रॅबिट्स’ हे नाव खेळाडूंनी नाकारले, कारण ससा हा बाहेरून आणलेला प्राणी. त्यांनी आपल्या मातीतली वॉलबी निवडली आणि तो संघ आजही त्याच नावाने खेळतो.

युरोपीय माणसाने वॉलबी पाहिली ती मात्र वॉलबी हा शब्द ऐकण्याच्या दीडशे वर्षे आधी. डच ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस्को पेलसार्ट हा व्यापारी 1620च्या दशकात मोगलांच्या आग्र्यात सात वर्षे होता आणि जहांगीरकालीन हिंदुस्थानाचे त्याने केलेले वर्णन आपल्याकडचे इतिहासकार आजही वापरतात. तोच पेलसार्ट 1629 मध्ये बटाव्हिया जहाजावर प्रमुख होता. ते जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर फुटले आणि तिथे त्याने मांजरासारखा वाटणारा, मागच्या लांब पायांवर चालणारा एक प्राणी पाहिला. ती टॅमर वॉलबी होती. पोटाच्या पिशवीत सडाला चिकटलेले घेवड्याच्या दाण्याएवढे पिल्लू पाहून, ते सडातूनच उगवते, असा त्याने निष्कर्ष काढला.

त्याला दोष देणे मला जमत नाही, कारण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तसेच वाटते. माझ्या टेबलावर सर्वाधिक वेळा येते ती स्वॉम्प वॉलबी: पाठ काळपट तपकिरी, पोट तांबूस नारिंगी, मादी साधारण 13 किलोची. मेलेल्या मादीच्या पिशवीत बोटे घातली की आत ओलसर ऊब लागते आणि अनेकदा एक गुलाबी, बिनकेसांचे, डोळे मिटलेले पिल्लू हाताला लागते. ते सड तोंडात धरून असते आणि सडाचे टोक त्याच्या तोंडात असे फुगलेले असते की ओढून काढू गेले तर पिल्लाचे तोंड फाटते. म्हणून आम्ही ते कधीच ओढत नाही. सड आईच्या अंगाजवळ कात्रीने कापतो आणि पिल्लू सडासकट उबदार कापडी पिशवीत ठेवतो. अशा पिल्लाला 32 अंशांची ऊब सतत लागते, आणि गाईचे दूध चालत नाही, कारण त्यातली साखर त्याला पचत नाही आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो. मागच्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटे एकाच कातडीत जोडलेली असून टोकाला दोन नख्या बाहेर आलेल्या असतात, ही रचना त्या पिल्लातही स्पष्ट दिसते. मोठेपणी ती फणी म्हणून वापरली जाते. वॉलबी अंग विंचरते ते याच जोडबोटाने.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन एक ग्रॅमही नसते. आई वाट चाटून देते, यापलीकडे मदत करत नाही. आंधळे पिल्लू पुढच्या दोन पायांनी केस धरत काही मिनिटांत पिशवीत चढते आणि पुढचे आठ-नऊ महिने तिथे काढते. आईला चार सड असतात. एक पिल्लू बाहेर हुंदडू लागले आणि दुसरे आत चिकटले असेल, तर शेजारच्या दोन सडांतून दोन वेगळ्या प्रकारचे दूध एकाच वेळी पाझरते. स्वॉम्प वॉलबीचे तर त्याहून पुढचे आहे: पोटातले पिल्लू जन्मण्याच्या एक-दोन दिवस आधीच तिला नवा गर्भ राहतो, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सोनोग्राफीने दाखवले गेले. गर्भाशयाच्या एका बाजूला जन्मास आलेला जीव आणि दुसऱ्या बाजूला नव्याने सुरू झालेला, अशी स्थिती असते; नवा गर्भ मग पिशवीतले पिल्लू दूध पीत असेपर्यंत वाढ थांबवून राहतो. या वॉलबीची गुणसूत्रेही निराळी आहेत, मादीत 10 आणि नरात 11. म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी ‘वॉलबिया’ ही स्वतंत्र प्रजाती मानली, आणि धारुग शब्द असा शास्त्रीय लॅटिनमध्येही जाऊन बसला.

सगळ्यांना एकाच नावाने हाक मारण्याची किंमत किती मोठी असते, हे न्यूझीलंडमधल्या कावाउ बेटावर दिसले. 1870च्या सुमारास न्यूझीलंडचे माजी गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांनी तिथे हौसेने अनेक जातींच्या वॉलबी आणून सोडल्या. त्या वाढल्या, झाडोरा खाऊ लागल्या, आणि बेटावरच्या लोकांच्या लेखी ‘वॉलबी’ हा एकच उपद्रवी प्राणी झाला. त्यांना गोळ्या घातल्या जात होत्या, विष दिले जात होते. तिकडे ऑस्ट्रेलियात पार्मा वॉलबी नामशेष झाली असे सर्वांनी मानलेले होते. 1965 मध्ये ध्यानात आले की कावाउवर मारल्या जाणाऱ्यांत पार्मादेखील आहे. त्यानंतर शोध सुरू झाला आणि 1967 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये गॉस्फर्डजवळच्या रानात ती जिवंत सापडली. त्याच बेटावरच्या टॅमर वॉलबी तपासल्या, तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून नाहीसा झालेला वंश तो हाच, असे जनुकीय चाचण्यांतून सिद्ध झाले. 2003 मध्ये त्यांतल्या काही मायदेशी आणल्या गेल्या आणि पुढच्या वर्षापासून इनिस राष्ट्रीय उद्यानात सोडल्या गेल्या. टूलाच वॉलबीच्या नशिबी असे बेट नव्हते. सर्वांत वेगवान आणि देखणी म्हणून तिची ख्याती होती. तिची शेवटची मादी 1939 मध्ये बंदिवासात मेली.

वर्गासाठी आपण फळ्यावर चित्र काढणार आहात, म्हणून एवढेच सुचवते. स्वॉम्प वॉलबी उड्या मारते तेव्हा डोके खाली आणि शेपटी मागे सरळ ताणलेली असते, कांगारूसारखी ताठ उभी नसते. पिशवी फक्त मादीलाच दाखवावी, आणि तिचे तोंड वरच्या बाजूला काढावे. नाव ‘वॉलबी’ असेच लिहावे. त्यापुढे कंसात ‘लहान कांगारू’ मात्र लिहू नये, त्याऐवजी ‘सिडनीच्या धारुग लोकांचा शब्द’ असे लिहावे.